लिफ्ट उचलेना, पीटीओ फिरेना: जुन्या मॅसीचा बिघाड शोधायचा कसा

पेरणीच्या तोंडावर जुन्या ट्रॅक्टरची (मागचं अवजार उचलणारी) लिफ्ट बसली की बांधावरची चार माणसं एकच निदान सांगतात: "पंप गेला." मग लिफ्टचं वरचं झाकण चेनपुलीने उचललं जातं, पंप बाहेर येतो, त्यात नवा किट पडतो, तोवर वाफसा निघून जातो आणि पुष्कळदा लिफ्ट होती तिथेच राहते. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. पंप झिजतो, नाही असं नाही. पण बिघाड शोधताना त्याचा नंबर शेवटी लागला पाहिजे. त्याच्यापर्यंत पोचायला सर्वांत जास्त खोलावं लागतं, आणि त्याच्या आधीच्या बहुतेक गोष्टी पाना न लावता बाहेरूनच कळतात.

इथे मी मुख्यतः मॅसी फर्ग्युसन १०३५ आणि तिच्या घराण्यातल्या ट्रॅक्टरांबद्दल बोलतोय. आपल्याकडे पंचवीस-तीस वर्षं जुन्या मॅसी अजून नांगरटीला जातात, ट्रॉली ओढतात, मळणीला उभ्या राहतात. त्यांची लिफ्ट ज्या तत्त्वावर चालते ते आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसनने १९२० च्या दशकात बसवलं. पुढे १९३९ साली फोर्डच्या ९एन ट्रॅक्टरवर आणि १९४६ पासून त्याच्या स्वतःच्या टीई-२० वर ते जगभर गेलं. एमएफ-३५ ही त्याच घराण्यातली, आणि आपली १०३५ तिचीच भारतीय बहीण. म्हणून टीई-२० साठी जे खरं होतं, त्यातलं बरंचसं आपल्या गोठ्याशेजारी उभ्या असलेल्या मॅसीलाही लागू पडतं.

पंप आणि पीटीओ एकाच शाफ्टवर

महिंद्रा, स्वराज अशा बऱ्याच ट्रॅक्टरांत हायड्रॉलिकचा पंप गिअर पंप असतो आणि तो थेट इंजिनवरून फिरतो. इंजिन चालू म्हणजे पंप चालू. मॅसीचं तसं नाही. तिचा चार पिस्टनचा पंप ट्रॅक्टरच्या पोटात, गिअरबॉक्सच्या मागच्या हाउसिंगमध्ये, तेलात बुडालेला असतो आणि त्याच्या आरपार जाणारा पीटीओचा, म्हणजे इंजिनची ताकद मागच्या यंत्राला देणारा, शाफ्टच त्याला फिरवतो.

म्हणजे ताकद जाण्याची वाट अशी: इंजिन, मग क्लच, मग डाव्या बाजूच्या पीटीओ लिव्हरने जोडला जाणारा कपलर, मग पंप, आणि तोच शाफ्ट पुढे मागच्या बाजूला बाहेर निघतो, जिथे आपण रोटावेटर किंवा मळणी यंत्र जोडतो. पीटीओचा लिव्हर काढला, म्हणजे पीटीओ बंद केला, की पंपही थांबतो. लिफ्ट मेली असं वाटतं, पण ती फक्त बंद असते.

हे सांगायला सोपं आहे, तरी दुसऱ्या कंपनीच्या ट्रॅक्टरवर हात बसलेला ड्रायव्हर पहिल्यांदा मॅसीवर बसला की हमखास इथेच अडकतो. "पीटीओचं काम नाही, कशाला फिरवायचा" म्हणून तो लिव्हर काढतो आणि मग लिफ्टचा लिव्हर खालीवर करत बसतो. जुन्या ट्रॅक्टरवर आणखी एक भानगड असते. पीटीओ लिव्हरची खाच झिजलेली असते, आणि खड्ड्यात आदळलं की लिव्हर अर्धवट सुटतो. चालू तासात लिफ्ट अचानक गप्प झाली तर पहिली नजर त्या लिव्हरकडे टाकायची.

काही मॅसींना पीटीओची तिसरी जागाही असते, ग्राउंड स्पीडची. तिथे लिव्हर असेल तर पीटीओ आणि पंप चाकांच्या वेगाने फिरतात. ट्रॅक्टर उभा असला की लिफ्ट नाही, चालू लागला की लिफ्ट आहे! असलं विचित्र लक्षण दिसलं तर काही बिघडलेलं नाही, लिव्हर चुकीच्या जागी आहे.

या रचनेचा मोठा फायदा म्हणजे मागे दिसणारा पीटीओचा शाफ्ट आत न दिसणाऱ्या पंपाचा साक्षीदार असतो. लिफ्ट बंद असेल तर इंजिन चालू ठेवून, दूर उभं राहून, मागचा शाफ्ट फिरतोय का एवढंच बघा. फिरत नसेल तर पंपाला हात लावू नका, दोष त्याच्या आधी आहे: लिव्हर, कपलर किंवा क्लच. शाफ्ट फिरतोय पण लिफ्ट उचलत नाही, तर क्लच संशयातून सुटला, दोष पंपात किंवा त्याच्या पुढे आहे. आणि मळणी यंत्राला शाफ्ट दम धरून फिरवतो, पण लिफ्ट मात्र भार घेत नाही, तरीही क्लच निर्दोष आहे. उलट मळणी यंत्र जोडल्यावर पीटीओ अडखळतो आणि लिफ्टही जड अवजाराला कचरते, तर दोन्हींचा मिळून एकच रोग आहे, आणि तो क्लचमध्ये आहे.

तेल आधी बघा

मॅसीत गिअरबॉक्स, डिफरन्शियल आणि हायड्रॉलिक यांचं तेल एकच, तीस लिटरच्या आसपास. त्यामुळे त्या तेलात जे काही पडेल ते पंपाच्या तोंडाशी येणार. गिअर घासून निघालेला लोखंडाचा कीस, फाटक्या गिअर बुटातून आत गेलेलं पावसाचं पाणी, सर्व्हिसिंगला प्रेशरने मारलेलं पाणी, सगळं तिथेच.

डिपस्टिक बघताना ट्रॅक्टर सपाट जागी, इंजिन बंद, आणि अवजार पूर्ण खाली टेकवलेलं हवं. अवजार वर असलं की काही तेल सिलिंडरमध्ये अडकलेलं असतं आणि पातळी खोटी दिसते. टिपिंग ट्रॉली जोडत असाल तर हे आणखी महत्त्वाचं. ट्रॉलीचा जॅक उभा होताना बरंच तेल बाहेर ओढून नेतो. पातळी आधीच काठावर असेल तर ट्रॉली अर्धी उचलली की पंप तेलाऐवजी हवा ओढू लागतो, घोंघावतो, आणि तेलाला फेस येतो. लोक म्हणतात "लोड जास्त झाला". खरं तर तेल कमी पडलं. शिवाय भाड्याच्या ट्रॉलीचं कपलिंग धूळ न पुसता लावलं की तिच्या पाइपमधलं दुसऱ्याच ट्रॅक्टरचं घाण तेल आपल्या पोटात येतं, ते वेगळंच.

आता तेलाचा रंग. डिपस्टिकवर दूध घातलेल्या चहासारखं तेल आलं तर त्यात पाणी आहे. शंका असेल तर दोन थेंब तापलेल्या तव्यावर टाकून बघा. स्वच्छ तेल नुसतं पसरतं आणि धुरतं, पाणी असेल तर तडतडतं. (तवा घरातला घेऊ नका, नंतर भाकरीच्या वेळी उत्तर द्यावं लागेल.) दुसरी पद्धत अशी: ट्रॅक्टर रात्रभर हलवू नका, सकाळी सुरू करण्याआधी खालचा ड्रेन प्लग हळूच सैल करा. पाणी तेलापेक्षा जड, ते तळाशी बसलेलं असतं आणि आधी बाहेर येतं.

प्लगला चिकटलेला किंवा तळातून आलेला कीस बोटावर घेऊन लोहचुंबक लावा. चिकटला तर तो गिअर-बेअरिंगचा. थोडी बारीक पूड जुन्या ट्रॅक्टरला चालते, कपचे आले तर गिअरबॉक्सकडे बघावं लागेल. चुंबकाला न चिकटणारी पिवळसर चमचम दिसली तर ती पितळेच्या जातीच्या बुशांची, आणि तिथे पंपावर संशय घ्यायला जागा आहे.

आणि एक सवय मोडायला हवी. इंजिनातून काढलेलं जळकं ऑइल "अजून चिकट आहे की" म्हणत मागे ओतणारे लोक आहेत. त्यातली काजळी आणि ॲसिड कंट्रोल व्हॉल्व्हच्या बारीक फटींत जाऊन बसतं. चार पैसे वाचतात आणि चाळीस जातात. कंपनीच्या पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं ट्रान्समिशन-हायड्रॉलिक ऑइलच टाकावं. भलतंच घट्ट तेल टाकलं तर थंडीत सकाळी लिफ्ट आळसते, पातळ टाकलं तर दुपारी तापल्यावर भार सोडते.

व्हॉल्व्ह पंपाच्या आधी

फर्ग्युसनच्या रचनेतली दुसरी खास गोष्ट म्हणजे कंट्रोल व्हॉल्व्ह. बहुतेक यंत्रांत पंप तेल ढकलतो आणि पुढचा व्हॉल्व्ह ते कुठे जायचं ते ठरवतो. मॅसीत व्हॉल्व्ह पंपाच्या तोंडाशी, म्हणजे तेल आत येण्याच्या वाटेवर आहे. लिव्हर वर केला की व्हॉल्व्ह तेलाला आत यायची वाट देतो, पंप ते सिलिंडरकडे ढकलतो, अवजार उठतं. अवजार हव्या त्या उंचीला पोचलं की व्हॉल्व्ह मध्ये येतो, तेलाची आत यायची वाट बंद होते, आणि पंप नुसताच फिरत राहतो. लिव्हर खाली केला की व्हॉल्व्ह दुसरीकडे सरकून सिलिंडरमधलं तेल परत टाकीत सोडतो. अवजार खाली येतं ते स्वतःच्या वजनाने. यंत्र त्याला खाली दाबत नाही.

या शेवटच्या वाक्यामुळे एक गैरसमज दूर होतो. नुसते रिकामे हात (लोअर लिंक, अवजार धरणारे मागचे दोन दांडे) खाली येत नाहीत म्हणून लिफ्ट बिघडली असं समजू नका. कल्टिवेटर लावा, मग बघा. त्यावर माणूस उभा करून वजन देण्याचा प्रकार मात्र करू नका.

हा व्हॉल्व्ह अडकणं ही जुन्या मॅसीची सर्वांत नेहमीची तक्रार. ट्रॅक्टर पावसाळाभर उभा, तेलात थोडं पाणी, व्हॉल्व्हवर गंज. दसऱ्याला पूजा करून चालू केला तर लिफ्ट वरही नाही आणि खालीही नाही, किंवा वर गेली ती खाली यायचं नावच घेत नाही. अशा वेळी आधी तेल बदला. मग हाउसिंगच्या उजव्या बाजूचं, डिपस्टिक असलेलं झाकण काढा. आधी थोडं तेल काढून पातळी खाली घ्या, नाहीतर चपला तेलात. इंजिन बंद, अवजार जमिनीवर. आत टॉर्च मारला की पंपाच्या बाजूला व्हॉल्व्ह हलवणारा लिव्हर दिसतो. लांब स्क्रू ड्रायव्हरने तो अलगद मागेपुढे करा. सुरुवातीला दगडासारखा घट्ट वाटतो, मग हळूहळू मोकळा होतो. इंजिन बंद असताना तो सहज सरकू लागला पाहिजे. याच झाकणातून वरच्या लिव्हरची जोडणी जागेवर आहे का, फोर्कमधून रोलर निसटला आहे का, हेही दिसतं. वरचं झाकण कधी उतरवलं असेल आणि बसवताना घाई झाली असेल, तर हा रोलर हमखास चुकीच्या बाजूला बसलेला असतो. तेव्हा लिव्हर हलतो, व्हॉल्व्हला मात्र कळत नाही.

लिफ्ट उचलते, पण…

हा "पण" महत्त्वाचा. बंद पडलेली लिफ्ट शोधायला सोपी, अर्धवट चालणारी अवघड.

रिकामी उचलते, पलटी नांगराला मात्र दम तोडते. इथे दोन प्रश्न विचारायचे. सकाळी थंड असताना उचलते आणि दुपारी तेल तापल्यावर नाही, असं आहे का? असेल तर तेल कुठून तरी आतल्या आत निसटतंय. तापलेलं पातळ तेल फटीतून लवकर पळतं. उलट गार असताना नाही आणि तापल्यावर ठीक, असं असेल तर तेल घट्ट आहे किंवा सक्शनची, म्हणजे पंपात जाणारं तेल गाळणारी, जाळी तुंबली आहे. पंपाचा आवाज चिरका येत असेल तर जाळीवर संशय पक्का.

आतली गळती असेल तर लिफ्ट डुलते. इंजिन चालू ठेवा, जड अवजार वर धरा, लिव्हरला हात लावू नका. लिफ्टचे हात हळूच बोटभर खाली येतात, पुन्हा झटकन वर जातात, पुन्हा खाली. हे कशामुळे होतं? तेल निसटल्यामुळे अवजार खाली सरकतं, ते व्हॉल्व्हला कळतं, तो पंपाला तेल देतो, अवजार वर जातं, आणि तेल पुन्हा निसटतं. म्हणजे नियंत्रण चोख आहे, भांडं फुटकं आहे. अधूनमधून एखादा डुलका जुन्या ट्रॅक्टरला माफ. पण काही सेकंदांत एक अशा गतीने डुलत असेल तर खोलायची वेळ आली.

खोलण्याआधी गळती कुठे आहे ते बघता येतं, आणि ही तपासणी मला सर्वांत उपयोगाची वाटते. जड अवजार वर घ्या, इंजिन बंद करा, उजव्या बाजूचं तेच झाकण काढा. अवजार आता हळूहळू खाली येईल, म्हणून त्याच्या आणि लिंकच्या वाटेत कुणीही नको, बाजूलाच उभं राहायचं. आत टॉर्च मारा. पंपापासून वर झाकणाकडे जाणाऱ्या उभ्या नळीच्या टोकाशी तेलाची धार दिसली तर तिथल्या ओ-रिंगा (रबरी गोल कड्या) गेल्या. ही सर्वांत स्वस्त गळती: ओ-रिंग किरकोळ किमतीची, बाकी सगळी मजुरी. मागच्या बाजूने, वरच्या सिलिंडरकडून तेल टपटपत असेल तर पिस्टनच्या रिंगा किंवा सिलिंडरचं पॅकिंग. पंपाच्या अंगावरच्या, जादा दाब सोडणाऱ्या रिलीफ व्हॉल्व्हमधून निघत असेल तर तो बसत नाहीये. बाहेर कुठेच धार नाही आणि अवजार तरी उतरतंय, तर तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून किंवा पंपाच्या आतल्या व्हॉल्व्हमधून परत जातंय. एवढं कळल्यावरच पंप बाहेर काढण्यात अर्थ आहे.

रिलीफ व्हॉल्व्ह हा सुरक्षेचा. एमएफ-३५ च्या जमान्यात तो साधारण २५०० पीएसआयला उघडायचा, म्हणजे चौरस सेंटिमीटरला पावणेदोनशे किलोच्या आसपास. लिफ्ट पूर्ण वर गेल्यावर पोटातून घरघर किंवा किंचाळी येत राहिली तर हा व्हॉल्व्ह उघडतोय आणि पंप विनाकारण ताकद लावतोय. बहुतेक वेळा व्हॉल्व्ह ठीक असतो, लिव्हरचा थांबा चुकीच्या जागी असतो. लिव्हर चापावर (ज्या वाकड्या पट्टीवर तो सरकतो तिच्यावर) जरा अलीकडे आणून बघा, आवाज थांबला तर फक्त सेटिंग करायचं आहे. मिस्त्रीकडे प्रेशर गेज असेल तर आकडाच बोलतो. गेज न लावता पंप बदलायला सांगणाऱ्या मिस्त्रीला मी एकदा तरी "आधी गेज लावा" म्हणेन.

अवजार वर-खाली नीट होतं, पण नांगर कधी खोल घुसतो, कधी वर उडतो, ही तक्रार वेगळ्या घरची. सीटच्या उजव्या हाताला दोन लिव्हर असतात. पोझिशनचा लिव्हर अवजाराची उंची ठरवतो, ड्राफ्टचा लिव्हर ओढ ठरवतो. नांगर कठीण जमिनीत गेला की टॉप लिंकवर, म्हणजे अवजाराच्या वरच्या जोडदांड्यावर, दाब येतो, मागची जाड स्प्रिंग दबते, तो निरोप व्हॉल्व्हला जातो आणि नांगर किंचित वर येतो. चाक घसरत नाही, इंजिन गुदमरत नाही. ही स्प्रिंग सैल झाली की निरोप उशिरा पोचतो. अवजार काढून टॉप लिंकचा फोर्क हाताने आत-बाहेर ओढून बघा. तो आत-बाहेर खेळता कामा नये. खेळत असेल तर तिथली सेटिंग आधी. काळ्या भारी जमिनीत, जिथे एकाच तासात मऊ आणि ढेकळाचा पट्टा दोन्ही लागतात, तिथे हा खेळ ताबडतोब जाणवतो. मुरमाड हलक्या रानात वर्षानुवर्षं कुणाच्या लक्षातही येत नाही.

पीटीओची दुखणी

पीटीओचा ठरलेला वेग मिनिटाला ५४० फेरे. सहा खाचांचा, १ ३/८ इंची, म्हणजे ३५ मिलिमीटरचा शाफ्ट. इंजिनचा किती वेग ठेवला की पीटीओ ५४० ला पोचतो त्याची खूण मीटरवर असते. जुन्या ट्रॅक्टरचं मीटर बहुधा मेलेलं असतं, तेव्हा टॅकोमीटरने एकदा वेग मोजून हॅंड थ्रॉटलवर रंगाने खूण करून ठेवावी. डिझेल वाचवायला थ्रॉटल कमी ठेवून मळणी केली की दाणा भुशात जातो आणि दोष यंत्राला लागतो.

डबल क्लचच्या मॅसीत पेडल अर्धं दाबलं की गिअरबॉक्स सुटतो, पूर्ण दाबलं की पीटीओ आणि पंपही सुटतात. हे तपासायला यंत्र जोडू नका. गिअर न्यूट्रल, पीटीओ लिव्हर जोडलेला, एक माणूस दूरून शाफ्ट बघणार. पेडल हळूहळू तळापर्यंत न्या. शाफ्ट मंदावून थांबला तर ठीक. तेलाच्या ओढीने थोडा रेंगाळत फिरला तरी चालेल. (तो हाताने थांबवून बघायचा मोह नको.) पेडल तळाला गेलं तरी शाफ्ट जोरात फिरतोय आणि पीटीओ जोडताना दात करकरतात, तर पेडलची ढील आणि क्लचच्या बोटांची सेटिंग बघा. याउलट यंत्राचा भार आला की इंजिन पळतं आणि शाफ्ट थांबतो, तर पीटीओची प्लेट झिजली आहे किंवा तेलाने ओली झाली आहे.

ओली का होते ते बघायला ट्रॅक्टरखाली जा. क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, आत जमलेलं तेल तिथून थेंबथेंब गळतं. बोटाला काळं, जळक्या वासाचं तेल लागलं तर इंजिनचं मागचं सील गेलं. तेल स्वच्छ, पिवळसर असेल तर गिअरबॉक्सच्या बाजूचं सील. दोन्हींत प्लेट बदलून सील तसंच ठेवलं तर सहा महिन्यांत पुन्हा ट्रॅक्टर दोन तुकड्यांत उभा असतो. बाकी ते भोक शेणा-मातीने बुजलेलं असेल तर तेल बाहेरच येत नाही, थेट प्लेटवर जातं. ते मोकळं ठेवायला तारेचा एक तुकडा पुरे.

मागच्या पीटीओ सीलमधून तेल गळतं तेही नुसतं "मागे जरा घाण होते" म्हणून सोडून देऊ नये. तेल एकच असल्याने आज पीटीओचं सील गळतंय, तर हंगाम संपेपर्यंत लिफ्टची तक्रार येणार. शाफ्टवर सील घासून खाच पडली असेल तर नवं सीलही टिकत नाही. आणि शाफ्ट वर-खाली हलवून बघा. हलत असेल तर बेअरिंग आधी, सील नंतर.

रोटावेटरवाल्यांना मॅसीची एक अडचण लवकर कळते. वळणावर रोटावेटर उचलण्याआधी पीटीओ बंद करा, असं सगळे सांगतात. बरोबरच आहे, कारण उचललेल्या रोटावेटरचा युनिव्हर्सल शाफ्ट (पीटीओ आणि यंत्र जोडणारा दांडा) तिरका होतो आणि त्याच्या सांध्यांतले क्रॉस तुटतात. पण मॅसीत पीटीओ बंद केला तर लिफ्टच उचलत नाही! तेव्हा इथे मार्ग एकच. थ्रॉटल कमी करायचा, रोटावेटर जमिनीपासून सुटेल इतकाच उचलायचा, आणि लिफ्टच्या चापावरचा थांबा त्या उंचीला घट्ट करून ठेवायचा, म्हणजे घाईत हात वर गेला तरी अवजार तेवढंच उठेल.

युनिव्हर्सल शाफ्ट थरथरत असेल तर त्याची दोन्ही टोकं बघा. दोन्हीकडचे फोर्क एका रेषेत हवेत. खोलून उलटे बसवले की कितीही नवे क्रॉस घाला, धडधड राहणारच. शिअर बोल्ट तुटला की तिथे कडक हाय-टेन्साइल बोल्ट ठोकायचा नाही. तो तुटण्यासाठीच असतो. तो तुटला नाही तर त्याच्या मागचं काहीतरी तुटतं, आणि मागे गिअरबॉक्स आहे.

ज्या जुन्या ट्रॅक्टरांना एकच क्लच आहे त्यांच्याबद्दल एक इशारा. तिथे क्लच दाबला तरी जड फिरणारं यंत्र स्वतःच्या जोराने फिरत राहतं आणि पीटीओतून उलटी ताकद गिअरबॉक्सला देतं. ट्रॅक्टर थांबायच्या जागी पुढे ढकलला जातो. विहिरीच्या काठावर हे कळणं परवडत नाही. शाफ्टवर एकाच दिशेने ताकद जाऊ देणारा ओव्हररनिंग कपलर बसवून घ्यावा.

५४० फेरे म्हणजे सेकंदाला ९. युनिव्हर्सल शाफ्टचा आठ सेंटिमीटर व्यासाचा भाग एका सेकंदात सव्वादोन मीटर कापड गुंडाळतो. उपरण्याला, पदराला, बंडीच्या लोंबत्या बाहीला एवढा वेळ पुरतो, हात सोडवायला पुरत नाही. मॅसीत तर नांगरट करतानाही मागचा तो बुटका शाफ्ट फिरतच असतो, कारण तो फिरल्याशिवाय लिफ्ट नाही. म्हणून त्यावरची टोपी हरवू देऊ नका. तशीच दुसरी गोष्ट पाइपच्या गळतीची. दाबाखालच्या पाइपला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर ते बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरून बघा. त्या दाबाचं तेल कातडीतून आत घुसतं, बाहेर जखम टिचभर दिसते आणि आत हात सडू शकतो. असं झालं तर घरगुती मलम नाही, तडक मोठ्या दवाखान्यात.

जुना ट्रॅक्टर घेताना

बाजारात जुनी मॅसी बघायला गेलात तर विकणारा इंजिनचा आवाज ऐकवतो, टायर दाखवतो. तुम्ही जड अवजार मागा. ट्रॅक्टर अर्धा तास चालवून तेल तापू द्या, मग अवजार वर घेऊन इंजिन चालू ठेवा आणि लिंकच्या टोकाकडे बघत राहा. डुलते का? मग इंजिन बंद करा आणि विकणाऱ्याशी पाच मिनिटं किमतीवर घासाघीस करा. तोवर अवजार किती उतरलं ते बघा. थोडं उतरणं जुन्या फर्ग्युसन लिफ्टला साजतं, धपकन जमिनीला टेकणं नाही. डिपस्टिक ओढा, रंग बघा. क्लच हाउसिंगखालच्या भोकाला बोट लावा. पीटीओ लिव्हर जोडून हाताने हलका दाबा, आपोआप सुटतो का बघा. अगदी ताजं, चकचकीत तेल दिसलं तर खूश होऊ नका. विचारा: "कधी बदललं, आणि का?"